पुसायची राहिलेली खूण

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. बाबांनाही नमस्कार सांग, आणि सांग की मी वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो आणि माझं वजन कमी झालेलं नाही. उलट पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असशील. त्यांना अंधूक दिसायला लागल्यापासून मी कागदावर लिहितो ते त्याचसाठी. फोनवर ते दीड मिनिटात "बरं, ठेवतो" म्हणतात. पत्र मात्र शेवटपर्यंत ऐकतात, मध्ये खोकतसुद्धा नाहीत, असं तूच कळवलं होतंस.

तर खुशाली संपली. आता फुशारकी.

बाबा, तुमच्या मुलाने एक बग पकडला. साधासुधा नाही, सहा वर्षं आमच्या फाइल सिस्टीममध्ये बिऱ्हाड करून राहिलेला. ताईला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण तुमच्यासाठी गोदामातून सांगतो. उद्या वीस पोती येणार असा निरोप आला की तुम्ही मांडणीवर तेवढ्या जागेला खडूने चौकोन आखायचात. माल यायच्या आधीच ती जागा गेली असं धरायचं आणि फळ्यावरच्या शिल्लक जागेतून वीस वजा करायचे. ट्रक वाटेतच बंद पडला तर चौकोन पुसायचा आणि फळ्यावर वीस परत वाढवायचे. "ज्याने खडू मारला त्यानेच पुसायचा," हा तुमचा नियम आम्हा दोघांना पाढ्यांच्या आधी पाठ होता.

कॉम्प्युटर तेच करतो. डिस्कवर फाइल लिहायची तर आधी तेवढी जागा राखून ठेवायची, मग लिहायचं. लिहिणं मध्येच फसलं तर राखलेली जागा सोडून द्यायची. आमच्याकडे फसण्याच्या एका वाटेवर ती सुटतच नव्हती. ट्रक आला नाही, सगळे घरी गेले, चौकोन तसाच. असं एकदा झालं तर कुणाला कळणारही नाही. पण डिस्क जुनी असली, केबल ढिली असली आणि दिवसातून शंभर वेळा लिहिणं फसत असलं, की चौकोन साचत जातात. आठवड्याभरात गोदाम अर्धं रिकामं आणि फळ्यावर मात्र "जागा नाही".

गंमत पुढेच आहे. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की सिस्टीम सगळं गोदाम नव्याने मोजते आणि ते चौकोन आपोआप जातात. तक्रार आली की पहिला उपाय काय? बंद करा, चालू करा. त्यामुळे प्रत्येक वेळी चोर आमच्याच हाताने मागच्या दाराने बाहेर.

या वेळी मात्र गाठ एका बाईंशी पडली. जुन्या चित्रफिती जपून ठेवणाऱ्या एका संस्थेत त्या मशीन सांभाळतात. फोनवर मला म्हणाल्या, "मागच्या वेळी बंद-चालू केलं, तेव्हा तुमचा माणूस म्हणाला आता ठीक दिसतंय. दिसतंय म्हणजे काय हो? तुम्ही स्वतः या. तोवर मी कुणाला हात लावू देणार नाही." मी गेलो तर बाई खुर्ची टाकून प्लगच्या शेजारी बसलेल्या, मांडीवर डबा. चार तास मी मशीनच्या पोटात शिरलो होतो, त्या हलल्या नाहीत. शेवटी घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं आणि मी "मिळाला!" म्हणून ओरडलो, तेव्हा म्हणाल्या, "मिळणारच. होताच तो."

दुरुस्तीही पहिल्या फटक्यात झाली नाही, हे प्रांजळपणे सांगतो. घाईघाईत मी पुसणं दोन ठिकाणी घातलं आणि एकच चौकोन दोनदा पुसला गेला. मग फळ्यावर डिस्कपेक्षाही जास्त जागा शिल्लक दिसायला लागली! हे तर आणखी वाईट, भरलेल्या मांडणीवर पुन्हा माल उतरवायचा. मग नीट बसलो. फसण्याच्या सगळ्या वाटा एकाच दारातून बाहेर काढल्या आणि पुसणं फक्त त्या दारापाशी ठेवलं. नंतर मुद्दाम एकेक पायरी फसवून बघितली, पहिली, दुसरी, तिसरी, एकूण एक्केचाळीस. एक्केचाळीस वेळा हिशेब चोख. आमचे मास्तर (म्हणजे टीममधले सगळ्यात जुने, कुणाचंही काम आधी त्यांच्या नजरेखालून जातं) चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून "बरं" म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून मिरवणूक.

आता फक्त दुरुस्तीचं टिपण पूर्ण करायचं बाकी आहे. ही चूक कोणत्या जुन्या बदलामुळे आली, ती एक ओळ रिकामी राहिलीय. त्यासाठी जुन्या नोंदी उपसाव्या लागतात. भरेन सवडीने. चूक कुणाची यापेक्षा ती सुधारली कुणी हे महत्त्वाचं, नाही का?

दुकान कसं चाललंय? त्या शाळेचा प्रिंटर अजून कागद खातो का?

तुझा,
बारक्या


मंगळवार, १८ मार्च

प्रिय ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर दोन वाक्यं. "अभिनंदन. ती ओळ का रिकामी आहे?" बाकी सगळं कार्ड कोरं. कोरी जागा वाया घालवणारी तू नाहीस, बाबांसारखीच गोदामवाली आहेस, तेव्हा ती माझ्यासाठी सोडलीस हे मला कळलं.

जुन्या नोंदी उपसाव्या लागतात असं मी लिहिलं ते खोटं होतं. तुला ठाऊकच आहे, एक बटण दाबलं की कोणती ओळ कुणी, कोणत्या दिवशी लिहिली ते समोर येतं. मी ते बटण त्या बाईंच्या शेजारी बसूनच दाबलं होतं. "मिळाला!" म्हणून ओरडलो ते त्याच्या आधी. नंतरचा माझा चेहरा बघून त्यांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी दिलं.

ती ओळ माझी आहे, ताई.

चार ओळींचा बदल होता, आपण दोघं इथे एकाच टीममध्ये होतो तेव्हाचा. तू लिहिलेला भाग लांबलचक आहे, तो आटोपशीर करतो असं म्हणत मी सुरुवातीलाच घातलं, लिहिणं फसलं तर इथूनच परत फिर. खालपर्यंत जायची गरज नाही. आणि पुसणं होतं सगळ्यात खाली. तू घातलेलं, जिथे असायला हवं तिथेच. मीच त्याच्या आधी दार पाडलं आणि सगळ्यांना बाहेर सोडलं.

आता पुढचं. मी बटण दाबलं तेव्हा त्या बदलाखालची चर्चाही उघडली. ती दोनच नोंदींची आहे. तू लिहिलं होतंस, "इथून परत फिरलास तर राखलेली जागा कोण सोडणार? बघ जरा." त्याखाली माझं उत्तर, "पाहिलं." वेळेची नोंद आहे. तुझ्या प्रश्नानंतर दोन मिनिटांनी.

दोन मिनिटांत ते पाहून होत नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी पाहिलं नव्हतं. प्रोबेशनचे सहा महिने संपायला तीन आठवडे होते, माझ्या नावावर बदल कमी होते आणि तो त्याच दुपारी आत जायला हवा होता. आपल्याकडची पद्धत अशी की विचारणाऱ्याने उत्तराची वाट बघायची, आणि उत्तर आलं की विश्वास ठेवायचा. तू ठेवलास. दुसऱ्या कुणी "पाहिलं" लिहिलं असतं तर तू पुन्हा उघडून बघितलं असतंस. भावाचं म्हणून नाही बघितलंस.

पाच महिन्यांनी ते नकाशेवाले आले. त्यांची माणसं चार दिवस डोंगरात मापं घेत होती आणि डिस्क "जागा नाही" म्हणत सगळं नाकारत होती. ते चार दिवस बुडाले. मशीन आपल्यापर्यंत येईतो कुणीतरी ते बंद-चालू केलेलं, म्हणजे सगळं आलबेल. मीटिंगमध्ये टीम चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "जागेचा हिशेब कुणाकडे आहे?" तू म्हणालीस, "माझ्याकडे." मग त्यांनी विचारलं, "चूक कुठे आहे?" तू म्हणालीस, "अजून सापडलेली नाही, पण भाग माझा आहे, तेव्हा जबाबदारी माझी." अहवालात ते तसंच उतरलं. महिन्याभराने तू राजीनामा दिलास आणि बाबांकडे परत गेलीस.

मी तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. आणि ताई, हे लिहायला मला सहा वर्षं लागली. मला तेव्हा आठवलं होतं. चूक नक्की तीच हे माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. पण तू एकदा काहीतरी विचारलं होतंस आणि मी न बघता "पाहिलं" म्हटलं होतं, एवढं आठवलं होतं. जागेवर जाऊन दहा मिनिटांत उघडून बघता आलं असतं. मी मूग गिळून बसलो. नंतरही उघडलं नाही, कारण उघडलं नाही तोवर ती चूक माझी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर नोकरीत राहिला, पगारवाढ घेऊन.

मी माझ्या कामात चांगला आहे. हे नम्रपणा दाखवायला नाकारणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. एक्केचाळीस पायऱ्या फसवून बघणारा माणूस मी झालो तो त्या मीटिंगनंतरच. पण हुशारी काय चाटायची आहे? तू राजीनामा दिलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज मला आज वाटते आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय जाणार नाही.

मला एकच विचारायचंय. तुला आठवलं होतं का? त्या मीटिंगमध्ये?

बाबांचं मला माहीत आहे. तू दुकानाचं कपाट लावलंस की ते मागून येतात आणि हाताने चाचपून पुन्हा मोजतात. गेल्या सुट्टीत मी बघितलं. शाईच्या डब्या, केबलची वेटोळी, एकेक. "हिच्याकडून जागेचा हिशेब चुकतो," असं आत्याला सांगताना मी त्यांना ऐकलंय, आणि तू तिथेच कपबशा विसळत होतीस. ते वाईट बोलत नव्हते, काळजीने सांगत होते. तेच मला जास्त लागलं, आणि तरी मी चहा पीत राहिलो.

म्हणून हे पत्रही बाबांना वाचून दाखव. पहिल्यासारखंच मोठ्याने, एकही ओळ न गाळता.

तुझा,
बारक्या


बुधवार, २६ मार्च

प्रिय ताई,

काल बाबांचा फोन आला. त्यांनी स्वतः केला आणि सात मिनिटं बोलले! मला वाटलं, झालं, आता ऐकून घ्यायचं. मी उभा राहिलो, घरात एकटाच असून. तर म्हणाले, "शाब्बास रे. तुझी दोन्ही पत्रं ऐकली. तिने घातलेला घोळ शेवटी तूच निस्तरलास. घराण्याचा हिशेब राखलास." आणि मग दुसऱ्या पत्रात मी पट्ट्याबद्दल काय लिहिलं, त्यावर हसले.

दुसऱ्या पत्रात पट्टा नव्हताच. तू त्यांना पहिलंच पत्र पुन्हा वाचून दाखवलंस, जरा इकडचं तिकडे करून. कागद हातात धरून, पानंसुद्धा उलटली असशील.

आज सकाळी तुझं कार्ड आलं. "आठवलं होतं. तू तेव्हा नुकताच कायम झाला होतास, नाव घेतलं असतं तर तुला काढलं असतं. मला दुसरीकडे कुठेही काम मिळालं असतं. बाबांना आता कशाला?"

पहिल्यांदा मला रडू आलं आणि मग तुझा भयंकर राग आला. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहितो. तू मला विचारलं असतंस तर मी बोललो असतो, असं आधी इथे लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसतंय ना? मी नसतो बोललो. तुला ते माहीत होतं म्हणूनच तू विचारलं नाहीस. आणि दुसरीकडे काम कुठे मिळालं? सहा वर्षं तू शाळांचे प्रिंटर उघडते आहेस, ते काम तू झकास करतेस, पण ते तू निवडलेलं नव्हतं.

बाबांना आता कशाला, तर त्यांनी कपाट मोजणं थांबवावं म्हणून.

इथलं सांगतो. सोमवारी मी टिपण पूर्ण केलं. मॅडमनी वाचलं आणि मला आत बोलावलं. "सहा वर्षं झाली. ती आता इथे नाही. एवढं सगळं लिहायलाच हवं का? 'जुना बदल' म्हटलं तरी चालेल." मी काही म्हणायच्या आत दारातून मास्तर म्हणाले, "रिकामी ओळ मी पास करत नाही. अर्धवट भरलेलीही नाही." मॅडमनी टिपण पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाल्या, "त्या मीटिंगमध्ये तिला मीच विचारलं होतं. तुला नाही विचारलं." त्यांनी जुना अहवाल कपाटातून मागवला आणि त्याला दुरुस्ती जोडायला सांगितली. तुझ्या नावाने एक पत्रही दिलंय. परत ये असं त्यात नाही, मी ते मागितलंही नाही. चूक तुझी नव्हती, एवढंच आहे, सहीशिक्क्यासह. तुझं दुकान तुझं आहे. पुढचं तू ठरव.

मला काढलं नाही. पण मॅडम म्हणाल्या, यापुढे तू कुणाच्या प्रश्नाला "पाहिलं" लिहिलंस तर काय पाहिलं तेही लिहायचं. आता हा नियम सगळ्या टीमला लागू झालाय आणि सगळे माझ्या नावाने बोटं मोडतायत. मोडू देत.

टिपण जसंच्या तसं उतरवतो.

"लिहिणं फसल्यावर राखून ठेवलेली जागा सोडली जात नव्हती. आता सोडली जाते. चूक आणली, मी, चार ओळींच्या बदलाने. चूक दाखवली, माझ्या ताईने, त्याच दिवशी, सहा वर्षांपूर्वी. उत्तर न बघता दिलं होतं."

"ताईने" हा शब्द मास्तरांनी खोडून तिथे तुझं पूर्ण नाव घातलं. म्हणाले, नात्याने नाही, नावाने राहू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, अकराला पोचेन. आल्या आल्या बाबांच्या समोर बसून अठरा तारखेचं पत्र मीच वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. ते तुझ्याकडेच आहे, जपून ठेव. नाही ठेवलंस तरी चालेल, मला पाठ आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस. "जाऊ दे रे" म्हणायचं नाहीस. चहा करायला म्हणून उठून जायचंही नाहीस. त्यांना राग आला तर तो माझ्यावर येऊ दे, त्याची जागा तीच आहे. त्यांना वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. बाबा तर स्वतःचा नियम आपल्याला पाढ्यांआधी शिकवणारे. आपण चुकीच्या माणसाच्या मागे सहा वर्षं मोजत फिरलो हे कळल्यावर त्यांचं काय होईल, याचा मी खूप विचार केला. ते सोसतील. ते गोदामवाले आहेत, चुकलेला आकडा खोडून बरोबर लिहिताना मी त्यांना शंभरदा पाहिलंय.

मग दुपारी तू दुकानाचं कपाट लाव, तुझ्या मनासारखं. बाबा मागून उठायला लागले तर त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवायचं काम माझं.

हे पत्र त्यांना आधी वाचून दाखवू नकोस. आणि या वेळी खाली "बारक्या" लिहीत नाही.

खडू मारून निघून गेलेला आणि आता पुसायला येणारा,
तुझा धाकटा भाऊ